दादाला दूर पाठवू का?

एका आईचे पत्र आले आहे. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीची अस्थिमज्जा रक्तपेशी तयार करेनाशी झाली होती, म्हणजे तिला अप्लास्टिक ॲनिमिया झाला होता. बारा वर्षांच्या सख्ख्या भावाच्या मूलपेशी पूर्ण जुळल्या आणि प्रत्यारोपण झाले. पेशी रुजल्या, मुलगी घरी आली आणि मग दर आठवड्याला होणाऱ्या रक्ततपासणीत प्रत्यारोपणानंतर ३८ व्या दिवशी सीएमव्ही नावाचा विषाणू सापडला. शिरेतून औषध सुरू झाले, पण आठवड्याभरात विषाणूचा आकडा २,४०० वरून ३,९०० वर गेला आणि पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. अहवाल येण्याच्या दोन दिवस आधी भावाला सर्दी झाली होती, त्यामुळे त्याच्याकडूनच विषाणू आला असे घरात बोलले गेले. त्याला काही महिने काकांकडे ठेवावे, असे वडिलांना वाटते. मुलाने हे बोलणे ऐकले आणि आता तो बहिणीच्या खोलीच्या दारातूनच परत फिरतो. पत्राच्या शेवटी आईने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. एका संध्याकाळी मुलीचे अंग तापले होते, तेव्हा त्यांनी तापाचे औषध देऊन सकाळपर्यंत वाट पाहिली आणि ते अजून डॉक्टरांना सांगितलेले नाही. मुलाला दूर पाठवावे का आणि त्रास देणारे हे औषध चालू ठेवावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताई,

तुमच्या प्रश्नांची उत्तरे आधी देते आणि कारणे मग सांगते, कारण तुम्ही रात्री जागून हे पत्र लिहिले आहे हे त्यातल्या प्रत्येक ओळीत दिसते. मुलाला महिनोन्‌महिने दूर पाठवावे असे कोणतेही कारण मला तुमच्या पत्रात आढळले नाही. औषध तुमच्या निर्णयाने थांबवू नका. आणि तुम्ही प्रश्न म्हणून न विचारलेली तिसरी गोष्ट, म्हणजे त्या संध्याकाळचा ताप, हे पत्र वाचून होताच प्रत्यारोपण विभागाला फोन करून सांगा.

आता कारणे. तुमच्या घरातल्या सगळ्या बोलण्यामागे एक गृहीत आहे, ते असे की विषाणू बाहेरून आला आणि ज्याअर्थी आला त्याअर्थी कुणीतरी तो आणला. सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, हा कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातला आहे आणि या कुळाचा स्वभावच असा की एकदा शरीरात शिरल्यावर तो आयुष्यभर तिथे दडून राहतो. बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो. कधी थोडा ताप येतो, अनेकदा काहीच कळत नाही. त्यानंतर टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात आणि निरोगी माणसाला तो आपल्या अंगात आहे याचा कधी पत्ताही लागत नाही. प्रत्यारोपणापूर्वी तुमच्या मुलीला जी औषधे दिली गेली त्यांनी हा पहारा पूर्ण उठवला. ते करणे भागच होते, नाहीतर भावाच्या पेशी तिच्या शरीराने नाकारल्या असत्या. या आजारात त्या औषधांमध्ये बहुधा एटीजी नावाचे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध असते आणि ते नेमके टी पेशींनाच संपवते. पहारा उठला, दडलेला विषाणू जागा झाला. प्रत्यारोपणानंतरच्या सीएमव्हीची बहुतांश कथा अशीच असते आणि तो जागा होण्याचा काळही साधारण ३० ते १०० दिवसांच्या दरम्यानचा असतो. ३८ वा दिवस त्यात अगदी चपखल बसतो.

हे तुमच्या मुलीबाबत खरे आहे का, ते तुम्हाला कागदावर पाहता येईल. प्रत्यारोपणाआधी रुग्ण आणि दाता या दोघांच्याही रक्तात सीएमव्हीच्या अँटिबॉडी आहेत का, हे तपासलेले असते. मुलीचा तो अहवाल पॉझिटिव्ह असेल, तर विषाणू आधीपासून तिच्याच शरीरात होता असे समजण्यास भक्कम आधार आहे. मात्र तिला पूर्वी वारंवार रक्त चढवले गेले असेल, तर त्या अँटिबॉडी रक्तदात्यांच्याही असू शकतात, म्हणून हा कागद स्वतः वाचून निष्कर्ष काढण्यापेक्षा डॉक्टरांसमोर ठेवून विचारा. बाहेरून नव्याने संसर्ग होणे अशक्य नाही. पण तसा संसर्ग झाल्यापासून रक्तात विषाणू दिसू लागेपर्यंत काही आठवडे जातात, दोन दिवसांत ते घडत नाही. शिवाय भावाला झाली तशी सर्दी दुसरेच विषाणू करतात. सर्दी आणि हा अहवाल एका आठवड्यात आले, एवढाच त्यांचा संबंध.

मुलाच्या मनात मात्र याहून खोल काहीतरी रुतले असणार. तो दाता आहे. बहिणीला आपल्या पेशींनी बरे केले, हे ज्या मुलाला महिनाभरापूर्वी सगळ्यांनी कौतुकाने सांगितले, त्यालाच आता आपल्या पेशींनी तिला आजारी केले असे वाटत असेल, तर त्याने दारातून परत फिरणे स्वाभाविक आहे. प्रत्यारोपणाच्या वॉर्डात काम करताना मी हे अनेकदा पाहिले आहे. गुंतागुंत झाली की सर्वांचे लक्ष रुग्णाकडे जाते आणि दाता असलेले भावंड मुकाट्याने स्वतःला दोषी ठरवत बसते, तेही नेमके अशा वेळी जेव्हा त्याच्याशी बोलायला कुणाकडे सवड नसते. अशा मुलाला घराबाहेर पाठवणे म्हणजे त्याच्या मनातल्या आरोपावर घरच्यांनी सही करणे होय. इथे मी तुमच्या पतींच्या मताच्या स्पष्टपणे विरुद्ध आहे, जरी ते मत मुलीच्या काळजीतूनच आले आहे हे मला कळते.

कदाचित कुणीतरी तुम्हाला असेही सांगितले असेल, किंवा पुढे सांगेल, की दाता सीएमव्ही निगेटिव्ह आणि रुग्ण पॉझिटिव्ह ही जोडी त्रासाची असते. वैद्यकीयदृष्ट्या त्यात तथ्य आहे. ज्या पेशींनी हा विषाणू कधी पाहिलेलाच नाही, त्यांना तो ओळखायला नव्याने शिकावे लागते आणि त्याला वेळ लागतो. पण म्हणून भावाची निवड चुकली असे मुळीच होत नाही. दाता निवडताना ऊतींची जुळणी, म्हणजे एचएलए, सर्वांत आधी पाहतात आणि पूर्ण जुळणारे सख्खे भावंड असताना केवळ सीएमव्हीच्या अहवालासाठी दुसरा दाता शोधत नाहीत. अखेर या विषाणूला कायमचे आवरणार आहेत त्या भावाच्याच पेशी. औषध तोवर फक्त वेळ मिळवून देते. बारा वर्षांच्या मुलाला हे वाक्य नीट समजते, ते त्याला सांगा.

औषधाबद्दल तुमची भीती दोन आकड्यांवर उभी आहे, म्हणून त्या आकड्यांकडे थोडे बारकाईने पाहू. पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीत विषाणूंची संख्या ज्या पद्धतीने मोजतात, त्या पद्धतीत तोच नमुना पुन्हा तपासला तरी आकडा बराच इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून साधारण तिपटीपेक्षा कमी फरक असेल, तर विषाणू खरोखर वाढला किंवा घटला असे खात्रीने म्हणत नाहीत. २,४०० चे ३,९०० होणे म्हणजे दुप्पटही नव्हे. त्यातही औषध सुरू केल्यावर पहिल्या एकदोन आठवड्यांत आकडा वाढलेला दिसणे नेहमीचे आहे आणि त्यावरून औषध निरुपयोगी ठरत नाही. योग्य मात्रेत किमान दोन आठवडे औषध देऊनही आकडा दहापटीहून वाढला, तर डॉक्टर विषाणू औषधाला जुमानत नाही असे मानतात आणि तो औषधाला प्रतिरोध करतो आहे का, याची जनुकीय तपासणी करतात. तुमच्या हातात असलेली एक साधी गोष्ट अशी, की दर वेळी तपासणी एकाच प्रयोगशाळेत करून घ्या आणि अहवालावरचे एककही लिहून ठेवा, कारण एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी थेट ताडून पाहिला तर कित्येकदा नसलेली वाढ दिसते.

पांढऱ्या पेशी घसरण्याचे कारण बहुधा विषाणू नसून औषधच असेल. सीएमव्हीसाठी शिरेतून पहिल्यांदा सहसा गॅन्सिक्लोव्हिर देतात आणि ते अस्थिमज्जेला दाबते. नव्याने रुजलेल्या मज्जेवर त्याचा परिणाम अधिक जाणवतो. पेशी पडल्या म्हणजे प्रत्यारोपण फसले, असा अर्थ तुम्ही लावला आहे असे पत्रावरून वाटते. तो प्रश्न मनात घोळवत ठेवू नका, डॉक्टरांना विचारा. रक्तातल्या पेशी किती प्रमाणात भावाच्या आहेत हे दाखवणारी कायमेरिझम नावाची तपासणी असते आणि तिच्याने याचे उत्तर मिळते. पेशी फारच खाली गेल्या, तर डॉक्टरांपुढे मार्ग आहेत. पेशी वाढवणारे इंजेक्शन देता येते, किंवा फॉस्कारनेट या दुसऱ्या विषाणूविरोधी औषधाकडे वळता येते. ते मज्जेला इतके दाबत नाही, पण मूत्रपिंडावर आणि रक्तातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमवर परिणाम करते, म्हणून त्यासोबत भरपूर सलाइन आणि वारंवार तपासण्या येतात. काही केंद्रांत सीएमव्ही ओळखणाऱ्या टी पेशी दात्याकडून किंवा तिसऱ्या व्यक्तीकडून घेऊन देण्याची सोय असते. लेटरमोव्हिर या औषधाचे नाव तुम्ही कुठेतरी वाचाल. ते अमेरिकेत २०१७ मध्ये प्रौढांसाठी आणि २०२४ मध्ये सहा महिन्यांपुढील, किमान ६ किलो वजनाच्या मुलांसाठी मान्य झाले. परंतु ती मान्यता विषाणू जागा होऊ नये म्हणून आधीपासून देण्यासाठी आहे, जागा झाल्यावरच्या उपचारासाठी नाही. तेव्हा आपल्या मुलीला ते का दिले नाही, असा प्रश्न घेऊन भांडण्याऐवजी हा उपचार संपल्यावर विषाणू पुन्हा उठू नये म्हणून त्याचा उपयोग होईल का, एवढे विचारा.

मुलीला सायक्लोस्पोरिन किंवा तत्सम प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असणार. विषाणूशी लढायला शक्ती हवी, मग ती दाबणारे औषध कशाला, असा तर्क अनेक पालक करतात आणि एखादी मात्रा चुकवतात. तर्क वरवर बरोबर वाटतो, म्हणूनच तो धोक्याचा आहे. हे औषध अचानक कमी झाले तर अप्लास्टिक ॲनिमियाच्या मुलांत नव्या पेशी नाकारल्या जाऊ शकतात, किंवा दात्याच्या पेशी मुलीच्या त्वचेवर, आतड्यांवर आणि यकृतावर हल्ला करू शकतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात आणि तो आवरायला स्टेरॉइड द्यावी लागली की विषाणूंना आणखी मोकळे रान मिळते. डॉक्टर स्वतः कधीकधी हे औषध थोडे कमी करतात, पण ते रक्तातली त्याची पातळी पाहून आणि दोन्ही बाजूंचा धोका तोलून.

आता तो ताप. तुम्ही लिहिता की डॉक्टर रागावतील म्हणून सांगितले नाही. कदाचित रागावतीलही. तरी सांगा, कारण त्यांच्या दृष्टीने ती तुमच्या चुकीची कबुली असण्याआधी मुलीविषयीची माहिती आहे आणि ती माहिती नसताना ते पुढचे निर्णय घेत आहेत. छातीतल्या सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून शिरणारा जिवाणूंचा संसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा फक्त ताप एवढीच असते. म्हणून ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप दिसला की रात्रीचे कितीही वाजले असोत, आधी फोन करायचा. तापाचे औषध त्यांनी सांगितल्यावरच द्यायचे, कारण ते ताप झाकते, संसर्ग थांबवत नाही. ताप काखेत किंवा तोंडात मोजा, गुदद्वारात नको. आणि थरथरून थंडी वाजली, श्वास जोरात होऊ लागला किंवा मूल निपचित पडले, तर थर्मामीटर काहीही दाखवो, फोन करा. ती एक रात्र निभावली हे सुदैव. पुढच्या वेळी असा फोन करताना तुम्हाला संकोच वाटू नये, हाही हे लिहिण्यामागचा माझा हेतू आहे. रात्री दोनला निष्कारण आलेल्या फोनबद्दल या विभागातले डॉक्टर तक्रार करत नाहीत. सकाळी उशिरा आलेल्या मुलाबद्दल मात्र त्यांना फार वाईट वाटते.

भावाबरोबर राहण्याचे नियम मात्र हवेत आणि ते कडक हवेत. सर्दीचा सीएमव्हीशी संबंध नाही, पण सर्दी स्वतः धोकादायक आहे. आरएसव्ही, फ्लू, पॅराइन्फ्लुएन्झा हे विषाणू निरोगी मुलाच्या नाकात थांबतात, पण ज्याच्या लिम्फोसाइट पेशी (टी पेशी ज्या गटातल्या, त्या पांढऱ्या पेशी) अगदी कमी आहेत अशा मुलाच्या फुप्फुसांत उतरू शकतात. फ्लू सोडला तर बाकीच्या दोघांवर भरवशाचे औषधही नाही. त्यामुळे घरात कुणालाही शिंका-खोकला असेल, तर लक्षणे पूर्ण जाईपर्यंत त्याने वेगळ्या खोलीत राहावे, समोर येणे अटळ असेल तेव्हा मास्क लावावा. हा नियम भावासाठी जितका, तितकाच वडिलांसाठी, तुमच्यासाठी आणि प्रेमाने भेटायला येणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. खोलीची सोय नसेल, तर आजारी माणसाने, तो भाऊच असेल असे नाही, त्या आठवड्यापुरते काकांकडे जाणे योग्यच. आठवड्यासाठी आजारी असताना जाणे आणि महिनोन्‌महिने निरोगी असताना पाठवले जाणे यातला फरक मुलाला कळतो.

भाऊ शाळेत जातो, म्हणून कांजिण्यांकडे विशेष लक्ष द्या. वर्गात किंवा शेजारी कुणाला कांजिण्या निघाल्या आणि मुलीचा त्या व्यक्तीशी संपर्क आला असेल, तर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा. संपर्कानंतर देण्याचे विशेष इम्युनोग्लोब्युलिन जितके लवकर, शक्यतो ९६ तासांच्या आत, दिले तितके बरे, आणि १० दिवसांपर्यंत ते देता येते. ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या मुलीला सुरू असतील, तर त्या कांजिण्या आणि नागीण उठू नये म्हणूनच असतात आणि साधारण वर्षभर चालतात, त्यामुळे मुलगी हसूखेळू लागली म्हणून त्या सोडू नका. भावाच्या लसी पूर्ण करून घ्या. दरवर्षीची फ्लूची लस तर घरातल्या सर्वांनी इंजेक्शनाने घ्यावी. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस घरच्यांना चालते, फक्त कांजिण्यांच्या लशीनंतर अंगावर पुरळ आले तर ते जाईपर्यंत मुलीपासून दूर राहायचे. घरातल्या कुणाला पोलिओचे तोंडावाटे डोस देणे मात्र टाळावे, त्याऐवजी इंजेक्शन घ्यावे. मुलीला पूर्वी दिलेल्या लसींचे संरक्षण आता गृहीत धरता येत नाही. तिचे लसीकरण काही महिन्यांनी पहिल्यापासून होईल आणि जिवंत विषाणूंच्या लसी किमान दोन वर्षांनी, तेही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झाल्यावर.

हे सदर वाचणाऱ्या, अशाच वाटेवर असलेल्या इतर पालकांसाठी थोडे अधिक लिहिते. सीएमव्हीचेच नाव सर्वांच्या तोंडी असते, पण लहान मुलांत ॲडेनोव्हायरस मोठ्यांपेक्षा अधिक आढळतो आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. ताप, जुलाब, लघवीतून रक्त, यकृताच्या तपासण्या बिघडणे अशा अनेक रूपांत तो येतो. त्यावरचे सिडोफोव्हिर मूत्रपिंडाला जड जाते, म्हणून अनेक केंद्रे लक्षणे येण्याआधीच दर आठवड्याला रक्तात त्याचा शोध घेतात. तुमच्या केंद्रात तशी तपासणी होते का, हे विचारायला हरकत नाही. या विषाणूवर हाताला लावायचे अल्कोहोलचे सॅनिटायझर नीट चालत नाही, तेव्हा शौचानंतर आणि मुलाचे कपडे बदलल्यावर साबण आणि वाहते पाणीच वापरा. लघवी करताना जळजळ होऊन ती लाल होणे हे बीके विषाणूचेही लक्षण असते. मूल अचानक गोंधळल्यासारखे वागू लागले, नुकतेच घडलेले विसरू लागले किंवा झटका आला, तर एचएचव्ही-६ हा सीएमव्हीच्याच कुळातला विषाणू मेंदूपर्यंत गेला असण्याची शक्यता असते. मानेत किंवा काखेत गाठ आली आणि ताप हटेना, तर ईबीव्ही हा त्याच कुळातला आणखी एक विषाणू तपासतात. नजर धूसर होणे, कोरडा खोकला, श्वास वेगाने चालणे, जुलाबातून रक्त पडणे ही सीएमव्ही रक्तातून अवयवांत पोचल्याची लक्षणे असू शकतात. यातले काहीही दिसले की पुढच्या भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत, ताई, यातले काहीच नाही. तिच्या रक्तात विषाणू सापडला आहे, तिला सीएमव्हीचा आजार झालेला नाही. दर आठवड्याची तपासणी याच टप्प्यावर विषाणू गाठण्यासाठी असते आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत तिने आपले काम केले आहे.

प्रत्यारोपणानंतरचे शंभर दिवस संपले की सगळे पूर्ववत होईल, असे तुम्ही एका वाक्यात लिहिले आहे. त्या दिवशी घरात आनंद जरूर करा, पण नियम त्या दिवशी सोडू नका. न्यूट्रोफिल नावाच्या, जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दोन-चार आठवड्यांत परततात, विषाणूंशी लढणाऱ्या टी पेशींना मात्र सहा महिने ते वर्ष आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. टी पेशी घडवणारी थायमस ग्रंथी मुलांत अजून कामात असते, त्यामुळे मोठ्यांपेक्षा त्यांचे चित्र अधिक आशेचे असते. शाळा, गर्दी, समारंभ यांची परवानगी दिवस मोजून मिळत नाही, टी पेशींची संख्या आणि चालू औषधे पाहून मिळते.

पुढच्या भेटीला मुलाला सोबत न्या. सर्दी पूर्ण बरी असेल तरच, मास्क लावून. डॉक्टरांना आधी एकट्याने गाठून विनंती करा, की विषाणू त्याच्यामुळे आला नाही हे त्यांनी त्याला स्वतःच्या तोंडाने, वडिलांच्या समक्ष सांगावे. आईने सांगितलेले मुलाला समजूत काढल्यासारखे वाटते, डॉक्टरांनी सांगितलेले त्याला पटेल आणि वडिलांनाही ते ऐकता येईल. घरी परतल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ बहिणीचा ताप वहीत लिहायचे आणि दर आठवड्याचा आकडा तारखेसह नोंदवायचे काम त्याच्याकडे द्या. त्यासाठी त्याला हात धुऊन, दार ओलांडून, तिच्याजवळ जावे लागेल.